वंगण, मळ आणि विश्वास : बंदुकीच्या निगेच्या इतिहासाचा एक अभ्यास (१८५३ ते १९७०)

प्रस्तावना

१८५७ च्या उठावाची कारणे शिकविताना चरबीच्या काडतुसांचा उल्लेख प्रत्येक वर्गात होतो. गाईची व डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागणार, या समजुतीने हिंदू व मुसलमान शिपाई क्षुब्ध झाले, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. मात्र काडतुसाला चरबी लावण्याची गरजच का पडली, आधीच्या बंदुकीला ती का लागत नव्हती आणि चरबीऐवजी दुसरे काही चालले असते काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. परिणामी चरबी ही एक तर परकीय सत्तेची कुटिल खेळी ठरते, नाही तर शिपायांची निव्वळ अंधश्रद्धा ठरते. ती एका यंत्राची गरज होती, ती गरज भागविण्याचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध होते आणि त्यांतील एकाची निवड कोणीतरी केली होती, ही बाब दोन्ही मांडण्यांत हरवते.

बंदुकीची निगा हा विषय इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिला आहे. लढाया, सेनानी, तह आणि फार तर शस्त्रांची बनावट यांची चर्चा होते. परंतु शस्त्र पुसण्याची चिंधी, तेलाची कुपी आणि नळी धुण्याचे पाणी यांना इतिहासात स्थान मिळत नाही. प्रत्यक्षात साफ करण्याचा व वंगणाचा पदार्थ कोणता घ्यावा, या वरकरणी क्षुल्लक निर्णयाने किमान दोन प्रसंगी सैनिकांच्या जीविताचा प्रश्न उभा केला आणि त्यांपैकी एका प्रसंगी साम्राज्याचा पाया हादरला.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) बंदुकीची दारू व तिचा मळ यांवर सफाईच्या साधनांची निवड कशी अवलंबून असते, ते स्पष्ट करणे.
२) १८५७ च्या काडतूस प्रकरणाचा वंगणाच्या दृष्टीने पुनर्विचार करणे.
३) धूरविरहित दारूच्या काळातील गंजाचा प्रश्न आणि व्हिएतनाम युद्धातील एम-१६ रायफलचे प्रकरण यांच्याशी त्याची तुलना करून काही निष्कर्ष मांडणे.

काळी दारू आणि तिचा मळ

सुमारे पाच शतके जगातील सर्व बंदुका एकाच प्रकारच्या दारूवर चालल्या. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण. युरोपात त्याचे प्रमाण पुढे साधारणतः ७५, १५ व १० असे स्थिरावले. ही दारू जळताना तिच्या वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेला निम्म्याहून अधिक भाग घनरूपात राहतो. त्यातील काही धुराबरोबर बाहेर पडतो, तर काही नळीच्या आतल्या बाजूस चिकटून बसतो. या मळात प्रामुख्याने पोटॅशियमचे क्षार असतात. हवा कोरडी असेल तर त्याचा कठीण थर बनतो, दमट असेल तर तो हवेतील पाणी ओढून चिकट होतो. दोन्ही स्थितींत पुढची गोळी भरणे कठीण जाते आणि मळ रात्रभर तसाच राहिल्यास लोखंड गंजू लागते.

हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून काळ्या दारूच्या काळात बंदूक साफ करण्याचे मुख्य साधन गरम पाणी हेच होते. नळीत पाणी ओतून गजाला गुंडाळलेल्या कापडाने ती घासावयाची, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावयाची, कोरडी करावयाची आणि शेवटी तेलाचा हात फिरवावयाचा, अशी ही रीत होती. येथे पाणी आणि तेल यांची कामे वेगळी होती. पाणी मळ काढी; तेल हवेतील ओल लोखंडापासून दूर ठेवी. पुढील काळातील अनेक चुकांचे मूळ या दोन कामांची गल्लत होण्यात आहे.

दारू व ओल यांच्या वैराची जाण या देशातही होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी बारकाईने सूचना आहेत. दारू, बाण इत्यादी सामान ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, असे तेथे बजावले आहे. सह्याद्रीच्या पावसात शस्त्र आणि दारू टिकविणे हे लढण्याइतकेच महत्त्वाचे राज्यकर्तव्य आहे, ही समज त्यामागे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या शिपायाच्या हाती असलेली ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत होती. तिची गोळी नळीच्या व्यासापेक्षा पुरेशी लहान असे. या मोकळ्या जागेमुळे नेम चुकत असे. परंतु मळ साचला तरी गोळी आत उतरत असे. म्हणून या काडतुसाच्या कागदाला वंगण लागत नव्हते. शिपायाला कागद दातांनी तोडण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय होती आणि त्या कागदाविषयी कोणाची तक्रार नव्हती. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

एन्फील्ड रायफल : वंगणाची गरज

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची होती आणि तिच्या नळीला आतून पेचदार चऱ्या होत्या. या चऱ्यांमुळे गोळीला फिरकी मिळून पल्ला व अचूकता यांत मोठी वाढ झाली. पण त्यासाठी गोळी नळीत जवळजवळ घट्ट बसणे आवश्यक झाले. जुन्या बंदुकीत मळासाठी जी जागा होती, ती येथे उरली नाही. काही फैरींनंतर मळाने नळी आवळली जाई आणि गजाने ठोकूनही गोळी खाली उतरत नसे.

यावर उपाय म्हणून गोळीभोवतालच्या कागदाच्या टोकाला वंगण लावण्यात आले. शिपायाने काडतुसाचे दारूकडील टोक तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, काडतूस उलटे करून वंगण लावलेले गोळीचे टोक नळीच्या तोंडाशी धरावयाचे, वरचा जादा कागद फाडून टाकावयाचा आणि गोळी गजाने खाली सारावयाची, असा क्रम होता. खाली जाताना वंगण आधीचा मळ मऊ करी आणि गोळीला वाट करून देई. थोडक्यात, या रायफलचे वंगण हे लढाई चालू असतानाच होणारी सफाई होती. ते वगळता येण्यासारखे नव्हते.

तथापि वंगण लागतेच यावरून ते चरबीचेच असावे, असे निष्पन्न होत नाही. या कामासाठी पदार्थ खोलीच्या उष्णतेला घट्ट राहणारा, दाबाखाली पसरणारा आणि मळ मऊ ठेवणारा असावा लागतो. चरबीत हे गुण आहेत आणि ती स्वस्त आहे. मधमाशीच्या मेणात तेल किंवा तूप मिसळूनही असे मिश्रण साधते. उलट उष्ण प्रदेशात चरबीचा एक मोठा दोष आहे. ती मेणापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला वितळते आणि वितळल्यावर कागदात जिरते. मेण वितळण्यास सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळा लक्षात घेता धर्मभावनेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी निव्वळ तांत्रिक दृष्टीने मेणप्रधान वंगण अधिक योग्य होते. पुढे ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांसाठी मेणच स्वीकारले गेले, ही गोष्ट येथे पुरेशी बोलकी आहे.

१८५३ चा इशारा आणि १८५७ ची वस्तुस्थिती

ही निवड नकळत झाली असेही म्हणता येत नाही. वंगण लावलेली काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी १८५३ मध्ये हिंदुस्थानात पाठविली गेली, तेव्हाच बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी इशारा दिला होता. वंगणात वापरलेला पदार्थ शिपायांच्या जातिधर्माला बाधक नाही अशी खात्री होईपर्यंत ती काडतुसे देशी पलटणींच्या हाती देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. या इशाऱ्यावर परिणामकारक कारवाई झाली नाही. तीन वर्षांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम येथील शस्त्रागारात काडतुसे तयार होऊ लागली. त्यांच्या वंगणात मेण व चरबी होती. चरबी पुरविण्याचे काम कंत्राटाने होत असे. ती कोणत्या जनावराची असावी याविषयी विशेष खबरदारी घेतली गेली नव्हती, हे जानेवारी १८५७ मधील सरकारी चौकशीतच उघड झाले.

याच महिन्यात डमडम येथील शिक्षण केंद्रात एका खलाशाने ब्राह्मण शिपायाजवळ पाण्यासाठी लोटा मागितला, शिपायाने नकार दिला आणि खलाशाने चरबीच्या काडतुसांचा दाखला देऊन त्याला टोमणा मारला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कॅप्टन राइट यांनी ती वरिष्ठांना कळविली. बराकपूरचे जनरल हिअर्सी यांनीही शिपायांना बाजारातून हवे ते पदार्थ आणून स्वतः वंगण तयार करू द्यावे, असे सुचविले. जानेवारीच्या अखेरीस सरकारने ही सूचना मान्य केली. काडतुसे वंगणाविना द्यावयाची आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण लावावयाचे, असे ठरले. मार्चमध्ये कागद दातांऐवजी हातांनी फाडण्याचीही मुभा देण्यात आली.

म्हणजे तांत्रिक प्रश्नाचे उत्तर काही दिवसांत सापडले. ते नवेही नव्हते. देशी पलटणींतील रायफलधारी तुकड्या मेण व मेंढ्याची चरबी यांचे वंगण वापरीत आल्या आहेत, असे अ‍ॅडज्युटंट जनरलच्या कचेरीनेच त्या वेळी कळविले होते. शिपायाने स्वतः तयार केलेले किंवा त्याच्या डोळ्यांदेखत तयार झालेले वंगण त्याला चालत होते. आक्षेप वंगणाला नव्हता. ज्याची घटकद्रव्ये कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते अशा वंगणाला होता.

तरीही प्रश्न सुटला नाही. वंगण काढून घेतल्यावर शंका कागदाकडे वळली. नव्या कागदाला चकाकी आहे, तेव्हा त्यातच चरबी असली पाहिजे, असे बोलले जाऊ लागले. २६ फेब्रुवारीला बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने टोप्या घेण्यास नकार दिला. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या देशी घोडदळाच्या निवडक ९० स्वारांना कवायतीसाठी बोलाविण्यात आले; त्यांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ही काडतुसे एन्फील्डची नव्हती. ती पूर्वीपासून वापरात असलेली, विना वंगणाची होती. ९ मे रोजी या ८५ जणांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मीरतचा उठाव झाला.

हा क्रम पाहता काडतुसे हे उठावाचे एकमेव कारण नव्हते, हे मत अधिक दृढ होते. अवधचे विलीनीकरण, शिपायांच्या सेवाशर्ती, धर्मांतराची भीती यांचा विचार आवश्यकच आहे. पण काडतूस प्रकरण हे केवळ निमित्त होते, असे म्हणून ते झटकून टाकणेही योग्य नाही. मीरतच्या स्वारांनी जुनी काडतुसे नाकारली, तेव्हा नाकारली गेली ती वस्तू नव्हती, तर ती वस्तू देणाऱ्याचा शब्द होता. १८५३ मध्ये वंगण बदलून जे साधले असते, ते १८५७ मध्ये वंगण पूर्णपणे काढून टाकूनही साधले नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी माझा प्रवास या आपल्या वृत्तांतात या काडतुसांची हकीकत नोंदविली आहे. शिपाई नसलेल्या, उत्तरेत यात्रा व दक्षिणेसाठी निघालेल्या एका कोकणी भिक्षुकापर्यंत ही वार्ता पोहोचावी, यातच तिची व्याप्ती दिसून येते.

उठावानंतर सरकारने जो मार्ग पत्करला तोही उद्बोधक आहे. देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक तयार करण्यात आली. ती दिसण्यास एन्फील्डसारखी होती, पण तिच्या नळीत चऱ्या नव्हत्या. विश्वासार्ह वंगण देण्याऐवजी वंगणाची गरज असलेले शस्त्रच शिपायाकडून काढून घेण्यात आले. अविश्वास आता दोन्ही बाजूंनी होता.

धूरविरहित दारू आणि गंजाचे कोडे

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल व ड्यूअर यांनी कॉर्डाइट सिद्ध केले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. नळीला आतून वंगण मिळावे या कल्पनेने व्हॅसलीन घालण्यात आले होते. त्याचा खरा उपयोग दारू साठवणीत टिकाऊ ठेवण्यासाठी होतो, हे नंतर कळले. हिंदुस्थानात निलगिरी भागातील अरवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ मधील. तेथेही पुढे ०.३०३ इंची काडतुसे तयार होत असत.

नवी दारू जवळजवळ संपूर्ण वायुरूप होत असे. नळी पूर्वीसारखी काळीकुट्ट होईना. साहजिकच पाण्याने धुण्याची गरज संपली, असा समज पसरला. तेलाचे दोन-चार हात फिरविले की नळी चकाकत असे. परंतु दोन-तीन दिवसांनी त्याच नळीत गंज दिसू लागे. जुन्या बंदुकीपेक्षा नवी बंदूक स्वच्छ दिसत असूनही अधिक लवकर गंजत होती.

याचे खापर प्रथम नव्या दारूवर फोडण्यात आले. नायट्रो दारूचे आम्ल नळीच्या धातूत मुरते आणि नंतर बाहेर येते, असे मानले जाई. आम्ल मारण्यासाठी अल्कधर्मी द्रव्ये वापरण्याकडे कल वाढला. याच काळात खास बंदुकीसाठी तयार केलेल्या सफाईद्रव्यांचा बाजार उभा राहिला. अमेरिकेत फ्रँक हॉप यांचे नऊ क्रमांकाचे द्रावण १९०३ मध्ये आले. जर्मनीत हेल्मुट क्लेव्हर यांनी १९०४ मध्ये बॅलिस्टॉल हे अल्कधर्मी तेल तयार केले. ब्रिटिश सैन्यात रंगून तेल या नावाने ओळखले जाणारे खनिज तेल रूढ होते. ली-एन्फील्ड रायफलच्या दस्त्यातील पोकळीत पितळी तेलकुपी आणि नळीतून चिंधी ओढण्याची दोरी ठेवलेली असे. जवान तिला पुलथ्रू म्हणत.

खऱ्या कारणाचा उलगडा व्हावयास बराच काळ जावा लागला. अमेरिकेच्या खाण विभागातील रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये तेलाच्या थराखाली होणाऱ्या गंजाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोष दारूचा नव्हता, तर काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीचा होता. टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा एक क्षार, नळीत राही. हा क्षार तेलात विरघळत नाही. वरून तेल लावले की तो तेलाखाली झाकला जाई आणि दमट हवेतील ओल शोषून लोखंड खाऊ लागे. टोपीतील हे द्रव्य काळ्या दारूच्या काळातही होते. पण तेव्हा मळ डोळ्यांना दिसत असल्याने प्रत्येक जण पाण्याने नळी धुवीत असे आणि मळाबरोबर क्षारही वाहून जाई. दारू सुधारली, मळ दिसेनासा झाला आणि ज्या सवयीने नळी वाचत होती ती सवयच सुटली.

ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या शिस्तीत ही सवय टिकून राहिली. गोळीबारानंतर नसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतावयाचे, चिंधीने ती कोरडी करावयाची आणि मगच तेल द्यावयाचे, अशी कवायतच होती. दरम्यान १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका व जर्मनी येथे गंज न आणणाऱ्या टोप्या बाजारात आल्या. मात्र टिकाऊपणाची खात्री होईपर्यंत अनेक देशांच्या सैन्यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. त्यामुळे एकच रायफल कोणत्या काडतुसासह वापरली, यावर तिला पाणी हवे की तेल पुरे, हे ठरत राहिले. सफाईचे द्रव्य बंदूक पाहून निवडावयाचे नसते, तर तिच्यात शिल्लक राहिलेला पदार्थ पाहून निवडावयाचे असते, हा या कालखंडाचा धडा होय.

थंडी आणि तेल

मळाइतकेच हवामानही निर्णायक ठरते. नोव्हेंबर-डिसेंबर १९५० मध्ये कोरियातील चोसिन जलाशयाच्या परिसरात अमेरिकी सैन्याची चिनी सैन्याशी लढाई झाली. तेथे तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले होते. नेहमीच्या हवेत उत्तम ठरलेले तेल तेथे गोठून घट्ट झाले आणि शस्त्रांचे हलते भाग अडकू लागले. तेल जवळजवळ संपूर्ण पुसून शस्त्र कोरडे ठेवणे, हाच तेथे शहाणपणाचा मार्ग ठरला. उन्हाळ्यात वितळणारी चरबी आणि हिमवर्षावात गोठणारे तेल ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. ज्या हवेत शस्त्र वापरावयाचे, त्या हवेत वंगणाची परीक्षा झालेली असावी लागते.

एम-१६ : सफाईची गरज नसलेली रायफल?

या चर्चेतील तिसरे प्रकरण व्हिएतनाम युद्धातील आहे. यूजीन स्टोनर यांनी रचलेली एआर-१५ रायफल वजनाला हलकी होती. तिच्यात दारूचा वायू एका बारीक नळीतून थेट हलत्या भागांपर्यंत येई आणि पुढील फैर भरली जाई. साहजिकच वायूबरोबर आलेली काजळीही यंत्राच्या आतच जमा होई. ही रचना एका विशिष्ट दारूसह तपासली गेली होती. १९६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या काडतुसासाठी वेगळ्या प्रकारची, गोलाकार दाण्यांची दारू मान्य केली. या दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट असे. तिच्यामुळे रायफलचा गोळीबाराचा वेग वाढला आणि यंत्रात जमणारा मळही वाढला.

याच सुमारास ही रायफल फारशी सफाई मागत नाही, अशी समजूत रूढ झाली होती. परिणामी अनेक तुकड्यांना रायफल मिळाली, पण सफाईचे गज, कुंचले, योग्य तेल आणि प्रशिक्षण पुरेशा प्रमाणात मिळाले नाही. काडतूस बसण्याच्या घरास क्रोमचा मुलामाही नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तेथे गंजाचे खड्डे पडत, झाडलेल्या काडतुसाचे कवच अडकून बसे आणि ऐन चकमकीत सैनिकाला गज घालून ते ठोकून काढावे लागे. १९६६ व १९६७ मध्ये सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतून हा प्रश्न जनतेपुढे आला.

अमेरिकी प्रतिनिधिगृहाने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिचा अहवाल आला. दारूच्या बदलावर त्यात ठपका ठेवण्यात आला होता आणि दोष दिसत असताना अधिकाऱ्यांनी ते दूर केले नाहीत, ही गोष्ट गुन्हेगारी स्वरूपाच्या निष्काळजीपणाच्या सीमेवर जाते, अशा आशयाचा शेरा होता. त्यानंतर घराला क्रोमचा मुलामा देण्यात आला, सफाईचे साहित्य पोहोचविण्यात आले, स्वयंचलित शस्त्रांसाठी तयार केलेले अर्धद्रव वंगण रूढ झाले आणि दारूतील कॅल्शियम कार्बोनेटची मर्यादा पुढे कमी करण्यात आली. १९६९ मध्ये प्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांनी चित्रकथेच्या रूपात तयार केलेली निगेची पुस्तिका सैनिकांना देण्यात आली. सफाईची गरज नसल्याचा समज ज्यांच्या जिवावर बेतला होता, त्यांनाच आता सफाई चित्रांतून शिकविण्यात येत होती.

तुलना

या तीन प्रकरणांत काळ, देश व शस्त्र भिन्न असले, तरी काही सूत्रे समान आढळतात. पहिले असे की, प्रत्येक वेळी बदल एका घटकात झाला आणि त्याचा परिणाम दुसऱ्याच घटकावर झाला. एन्फील्डमध्ये नळी बदलली आणि काडतुसाला वंगण लागू लागले. कॉर्डाइटच्या काळात दारू बदलली आणि टोपीतील जुना दोष उघडा पडला. एम-१६ मध्ये पुन्हा दारू बदलली आणि सफाईचा प्रश्न उभा राहिला. बदल करणाऱ्यांनी शस्त्र, दारू आणि निगा यांचा एकत्रित विचार केला नाही.

दुसरे असे की, निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा यांच्यात मोठे अंतर होते. चरबीचे कंत्राट देणाऱ्याला काडतूस तोंडात धरावे लागत नव्हते. दारूचा प्रकार मंजूर करणाऱ्याला जंगलात अडकलेले कवच ठोकून काढावे लागत नव्हते. तिसरे असे की, इशारे उपलब्ध होते. १८५३ चे टकर यांचे पत्र काय किंवा एम-१६ विषयीच्या रणभूमीवरील तक्रारी काय, माहितीचा अभाव हे अपयशाचे कारण नव्हते. ती माहिती मोलाची मानली गेली नाही, हे कारण होते.

एक महत्त्वाचा भेदही नोंदविला पाहिजे. अमेरिकी सैनिकाची तक्रार त्याच्या लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचली, चौकशी झाली आणि उशिरा का होईना, सुधारणा झाली. मीरतच्या ८५ स्वारांना असा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. त्यांच्या शंकेला उत्तर मिळाले ते लष्करी न्यायालयाकडून. वंगणाचा प्रश्न एका ठिकाणी चौकशीचा विषय झाला आणि दुसऱ्या ठिकाणी उठावाचा, याचे कारण वंगणात नसून राज्यव्यवस्थेच्या स्वरूपात आहे.

निष्कर्ष

१) सफाईच्या द्रव्याची निवड मळाच्या स्वरूपावर ठरते. क्षाराला पाणी लागते, काजळीला तिला विरघळविणारे द्रव्य लागते. तेल या दोहोंची जागा घेऊ शकत नाही. तेलाचे काम रक्षणाचे व वंगणाचे आहे.

२) वंगणाची निवड हवामानाशी निगडित आहे. एका प्रदेशात सिद्ध झालेला पदार्थ दुसऱ्या प्रदेशात परीक्षेविना वापरणे धोक्याचे ठरले आहे.

३) १८५७ मधील काडतुसाचे वंगण ही तांत्रिक गरज होती, पण चरबी ही गरज नव्हती. पर्याय माहीत होते व वापरातही होते. म्हणून या प्रकरणाकडे कटकारस्थान किंवा अंधश्रद्धा या दोन टोकांऐवजी बेपर्वाईने केलेली निवड म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

४) वापरणाऱ्याला वस्तूची घटकद्रव्ये जाणून घेण्याचा अधिकार नाकारला गेला की तांत्रिक दोष सुधारूनही विश्वास परत मिळत नाही.

चरबीची काडतुसे हा विषय वर्गात शिकविताना नळीतील चऱ्या, दारूचा मळ आणि मेण व चरबी यांतील भेद यांची माहिती दिली गेली, तर विद्यार्थ्याला शिपायाचा आक्षेप अधिक नेमकेपणाने समजेल. तो शिपाई बंदुकीला वंगण लागते हे जाणत होता. त्याआधीही त्याने स्वतःच्या हातांनी ते लावले होते. या वंगणात काय आहे, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे खरे उत्तर शस्त्रागारातील कोणालाही देता आले नाही.